सोडियम बोललं की मी?

मीठ बंद

मी एकदा आमच्या घरातलं मीठ बंद केलं. कमी नव्हे, बंद. बरणी घासली, उन्हात वाळवली आणि तिच्यात सुंठ भरून ठेवली. वय तेव्हा एकाहत्तर. हा मूर्खपणा अडाणीपणाने झाला असता तर मला एवढं वाईट वाटलं नसतं. मी तो नीट विचार करून, घरच्यांना समोर बसवून, कारणं समजावून सांगून केला.

झालं होतं एवढंच, की ब्लडप्रेशर जरा वर निघालं म्हणून डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची एक गोळी दिली. लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारी गोळी. वर म्हणाले, जेवणात मीठ थोडं कमी करा. त्यातला 'थोडं' हा शब्द मी त्यांच्या टेबलावरच विसरून आले. शिवाय पाणी भरपूर प्यावं असं मोबाइलवर कुठूनतरी आलं होतं, ते मी माझ्यातर्फे जोडलं. सकाळी उठल्यापासून तांब्यामागून तांब्या.

गणित फार सुंदर बसलं होतं. मिठाने रक्तदाब वाढतो, रक्तदाब वाढला की माणूस तापतो, माणूस तापला की घरात भांडणं होतात. मीठ काढलं की भांडणं निघाली. बत्तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलेल्या बाईचं हे गणित. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली न करता विचारलं, "आणि चव?" मी म्हटलं, चव ही मेंदूची सवय आहे, मोडते.

घरात आम्ही पाच जण. आमचे हे, म्हणजे सेतुराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मुलगा प्रताप, तंजावराहून रोज तिरुचीला नोकरीला जाऊन येणारा. सून कयल, इथल्याच एका शाळेत शिकवते. त्यांची मुलगी यमुना, सहावीत. कयलचं माहेर तिरुवैयारूजवळच्या एका खेड्यातलं, तमिळ. लग्नाआधी ती माझी विद्यार्थिनी होती. ती मला अत्तै म्हणते. तमिळमध्ये सासूला तसंच म्हणतात.

हे देवनागरीत लिहिते आहे ते दोन कारणांनी. तिकडे महाराष्ट्रात कोणाच्या घरी म्हातारं माणूस एकाएकी विचित्र वागायला लागलं असेल, तर त्यांच्या उपयोगी पडावं, हे पहिलं. दुसरं म्हणजे आमच्या घरी देवनागरी सरळ वाचणारी मी एकटीच उरले आहे. कयल वाचते, पण अक्षर लावत लावत. तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत तिची शाळेची वेळ होईल. तेव्हा मला मोकळेपणाने लिहिता येतं.

तेव्हाची बाईसाहेब

वर्गात माझा आवडता धडा 'जैविक दृष्टिकोन'. माणूस जसा वागतो तसा का वागतो, याचं उत्तर कोणी त्याच्या बालपणात शोधतं, कोणी त्याला मिळालेल्या शाबासकीत आणि छड्यांत. हा धडा म्हणतो, आधी शरीरात बघा. मेंदू, नसा, रक्तातली हार्मोन्स, आईबापांकडून आलेला वारसा. धडा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. तक्रार आहे ती चोवीस वर्षांच्या एका मुलीबद्दल, जी तो धडा वाचून सरळ घरी गेली आणि दिसेल त्याला लावत सुटली.

सेतुरावांच्या घरची मंडळी मला बघायला आली. होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं, कॉलेजात काय शिकवतेस. मी सांगितलं, माणसाची भीती आणि राग मेंदूतल्या एका बदामाएवढ्या भागातून निघतात. आईने दाराआडून डोळे मोठे केले. मी थांबले नाही. तो भाग काढून घेतलेलं माकड कसं वागतं इथपर्यंत गेले. खोलीत कोणी कॉफीचा घोटसुद्धा घेईना. मग सासरे काळजीने म्हणाले, आमचा मुलगा रोज भिजवलेले चार बदाम खातो, त्याने काही बिघडेल का? लग्न ठरलं. माझ्या मते, कोणाला काही कळलं नाही म्हणून ठरलं.

लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मी ह्यांना बजावलं, की आत्ता तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटतंय ते रसायनांचं काम आहे, काही काळाने ओसरेल, तेव्हा घाबरून जाऊ नका. ह्यांनी पाटबंधाऱ्यातल्या माणसासारखा प्रश्न विचारला: ओसरल्यावर पुढचं पाणी कधी सोडतात?

सासूबाई रागावल्या की मी वहीत वेळ टिपून ठेवत असे. एकदा त्यांनी विचारलं, काय लिहितेस. मी म्हटलं, तुमचं ॲड्रेनलिन. दुसऱ्या दिवशी त्या आलेल्या पाहुण्यांना सांगत होत्या, माझं काहीतरी बरेच दिवस सापडत नव्हतं, सुनेला सापडलं, तिने वहीत जपून ठेवलंय.

अशी ती. आज रस्त्यात समोरून आली तर मी तिला ओळख दाखवणार नाही.

सगळ्या जगाच्या कवटीत मेंदू आहे हे तिला पाठ होतं. स्वतःच्या कवटीतही तसलाच एक आहे, एवढं तेवढं राहून गेलं. नसांमधून निरोप जातो तो सोडियमच्या जिवावर. ही आकृती मी दर वर्षी रंगीत खडूंनी फळ्यावर काढली. ते सोडियम आपल्याला बहुतेक मिठातून मिळतं, हे मात्र परीक्षेत विचारत नाहीत.

नऊ दिवसांचं सुंडल

मीठबंदी सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले आणि नवरात्र आलं. आमच्याकडे नवरात्रात पायऱ्या मांडून त्यांवर बाहुल्या बसवतात, त्याला कोलू म्हणतात. संध्याकाळी गल्लीतल्या बायका कोलू बघायला येतात, एखादं गाणं म्हणतात, आणि त्यांना कुंकू, विडा आणि सुंडल देऊन निरोप द्यायचा. सुंडल म्हणजे उकडलेली कडधान्यं, वरून फोडणी आणि खोबरं. आज हरभरे तर उद्या मूग. ते आधी देवीला दाखवायचं, त्यामुळे करताना चाखायचं नाही. म्हणजे माझं बिनमिठाचं सुंडल रोज तडक देवीसमोर आणि तिथून बायकांच्या हातात.

कोणी काही बोललं नाही. कारण नंतर कळलं. शेजारच्या अलमेलु मामींनी गल्लीत सांगून टाकलं होतं, की राव लोकांच्या घरी राजांच्या काळापासूनचा नेम असणार, नवरात्रात मीठ नाही. आम्ही मराठी माणसं, इथल्यांच्या तोंडी राव, मराठी राजांबरोबर तंजावरला येऊन साडेतीनशे वर्षं होत आली, तरी आमच्या घरात काही विपरीत दिसलं की ते राजांच्या काळातलं असतं. आम्हीही कधी नाही म्हणत नाही, सोयीचं पडतं. दोन घरांनी तर आमचा मान म्हणून एक दिवस आपलं सुंडलही अळणी केलं.

देवीने काय केलं माहीत नाही. माझं डोकं मात्र चौथ्या दिवसापासून जड. पाचव्या दिवशी चालताना डावीकडे झोक जायला लागला. मळमळ होई. तोंडापर्यंत आलेले शब्द परत आत जात. एकदा किसणी मागायची होती, तर ती मी हातवारे करून मागितली आणि यमुनेने मला तिच्या व्हायोलिनचा गज आणून दिला. या सगळ्याची कारणं माझ्याकडे तयार होती: उकाडा, उपास, वय. बिघडलेल्या मेंदूला त्याची तब्येत विचारली, की तो म्हणतो, मी छान आहे. दुसरं कोण सांगणार, आत तोच एकटा बसलेला असतो.

कोलूच्या खालच्या पायरीवर दुकानदार चेट्टियार आणि त्याची बायको यांच्या बाहुल्या असतात. त्यांच्यापुढे तांदूळ, डाळ, मिरी, मीठ यांचे चिमुकले ढीग मांडायचे. यमुनेने दुकानासाठी खडेमीठ शेजारून आणलं, कारण आजीने घरातलं संपवलं होतं. रोज तिचा मिठाचा ढीग कमी होई. ती म्हणाली, मुंग्या. मी तिला अर्धा तास समजावलं, की मुंगीला साखरेची ओढ का असते, मिठाची का नसते. मग दुपारी घर सामसूम झालं की माझं बोट आपोआप चेट्टियारच्या दुकानात जाई. मला ते अंधूक आठवतं. ओलं बोट, खडे, आणि अंगभर उतरणारं सुख. शरीराला कळलं होतं. बाईंना कळलं नव्हतं.

आठवी संध्याकाळ

आठव्या दिवशी संध्याकाळी दिवाणखाना बायकांनी भरला होता. कयल यमुनेला मराठीत काहीतरी सांगत होती. ती लग्नानंतर आमची मराठी शिकली. तिकडच्या लोकांना जुनाट वाटेल अशी, तमिळ हेल असलेली आमची मराठी. पण माझ्या मुलापेक्षा ती कितीतरी चांगली बोलते. अलमेलु मामी कौतुकाने म्हणाल्या, तुमची सून आता पक्की राव घरची झाली.

मी म्हणाले, "कसली राव घरची? कॉलेजात पाठ करून पास व्हायची, इथेही पाठच करते. चौदा वर्षं झाली, मला ही अजून पाहुणीच वाटते."

हे मी तमिळमध्ये म्हणाले, म्हणजे कोणाला समजायचं राहू नये. मग उठले, चेट्टियारपुढे बसले आणि सगळ्यांदेखत त्याचं मीठ चाटलं.

पुढचं मी अलमेलु मामींकडून ऐकलं आहे. त्या ते आता फार रंगवून सांगतात, पण मुद्दा बदलत नाहीत. कयलने हातातलं सुंडल आधी उरलेल्या दोन बायकांना दिलं. मग माझ्यासमोर येऊन बसली, माझी हनुवटी धरून डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, आज वार कोणता. मी म्हणाले, कॉलेजला सुट्टी आहे. तिने विचारलं, मी कोण. मी म्हणाले, तिसरा बाक, खिडकीजवळ. तिथेच ती बसायची, हे खरं आहे.

बायकांना वाटलं आता सून रडेल किंवा आत निघून जाईल. प्रताप मान खाली घालून उभा होता. त्याला वाटलं आईने अखेर भांडण काढलंच. हे म्हणाले, उपासाने होतं, झोपू दे तिला. कयल उठली आणि म्हणाली, "या अत्तै नाहीत. ऑटो बोलवा."

ऑटोत मी ओकले, एवढं मला स्वतःला आठवतं.

केसपेपर

दवाखान्यात सिस्टरने नाव विचारलं. मी उत्तर दिलं. तिने डॉक्टरांना सांगितलं, पेशंट उळरल करतेय. उळरल म्हणजे बरळणं. कयल म्हणाली, नाही हो, आमच्या घरात मराठी बोलतात, त्या मराठीत बोलताहेत. मग दोन मिनिटं तिने कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, मराठीच आहे, पण उळरलही आहे. मी डॉक्टरांना माझे ब्लाउज दिवाळीआधी शिवून द्यायला सांगत होते.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून. हे म्हणाले, वय झालंय. प्रताप म्हणाला, टेन्शन. कयल म्हणाली, "डॉक्टर, माझ्या सासूबाई असं कधी बोलत नाहीत. चौदा वर्षांत एक शब्द नाही. आज चारचौघांत बोलल्या. मेंदूला काहीतरी झालंय, रक्त तपासा."

काय बोलल्या, असं त्यांनी विचारलं. कयलने ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. पाठ करते, पाहुणी, सगळं. चेहऱ्यावर काही नाही. ताप कधी आला, उलट्या किती झाल्या, त्याच सुरात. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

रक्ताचा कागद आला तेव्हा सोडियम इतकं खाली होतं, की डॉक्टर चालत न येता धावत आले. गोळी, पाणी आणि मीठबंदी, तिघांनी मिळून रक्त पातळ सारासारखं करून टाकलं होतं. अशा वेळी मेंदू फुगतो. अजून एखाद-दोन दिवस वयावर ढकलले असते तर फिट्स आल्या असत्या, मग शुद्ध गेली असती, मग डॉक्टर पुढचं बोलले नाहीत. त्यांनी कयलला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ती म्हणाली, मॅडमनीच शिकवलं होतं.

मग सुरू झाली माझी शिक्षा. पाळी बदलली की नवी सिस्टर विचारी, सुरुवात कशी झाली, आणि कयल किंवा केसपेपर माझं वाक्य सांगे. सकाळी राउंडला मोठे डॉक्टर पाच-सहा शिकाऊ पोरापोरींना घेऊन येत. त्यांतली एक चष्मेवाली रोज वाचे: नातेवाइकांच्या सांगण्यानुसार पेशंट सुनेला म्हणाली की. पुढे संपूर्ण वाक्य, चांगल्या मोठ्या आवाजात. तिसऱ्या दिवशी माझं डोकं बरंचसं ठिकाणावर आलं होतं आणि मी डोळे मिटून, झोपेचं सोंग घेऊन, स्वतःचं वाक्य ऐकत पडले होते. चष्मेवालीने कयलला विचारलं, आधी दोघींचे संबंध कसे होते? कयल म्हणाली, चांगले. मी डोळे आणखी घट्ट मिटले.

सावकाश

सोडियम खाली गेलं तर ते भराभर वर आणता येत नाही. एकदम वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, थेंबाथेंबाने वाढवायचं, असं डॉक्टरांनी समजावलं. प्रतापला ते पटेना. मीठच कमी आहे तर द्या ना, म्हणाला. ह्यांना मात्र लगेच समजलं. धरणाचं पाणी आलं की सगळ्या मोऱ्या एकदम उघडायच्या नसतात, बांध फुटतो, हे त्यांनी जन्मभर केलेलं काम. त्यानंतर ते माझ्या उशाशी स्टुलावर बसून सलाइनची नळी अशा डोळ्यांनी बघत, जणू तिच्याखाली दहा गावांची भातशेती आहे.

दिवस ठरलेला. पहाटे रक्त. मग इडली. मग रक्त. दुपारी दहीभात. परत रक्त. पाणी मोजून, दिवसाला ठरावीक कप. ज्या बाईने तांब्यामागून तांब्या रिचवले तिला आता कपाच्या तळाशी जीभ लावावीशी वाटे.

भीती वाटली ती शुद्ध हरपली तेव्हा नाही, शुद्ध आली तेव्हा. बरळत होते तोवर मी मजेत होते. डोकं निवळायला लागल्यावर पहिल्या सकाळी पंख्याकडे बघताना एकदम मनात आलं, की आता जी विचार करतेय ती तरी मीच कशावरून? माझी परीक्षा मीच घ्यायची ठरवली. मेंदूतून निघणाऱ्या नसांची बारा नावं मी झोपेतही म्हणत असे. सातव्या नावाला अडकले. परत पहिल्यापासून. परत सातव्याला अडकले. मी रडायला लागले. सिस्टर धावत आली. दुखतंय का, म्हणाली. मी म्हटलं, सातवी नस सापडत नाही. तिने घाईघाईने माझा हात उलटा केला आणि म्हणाली, सापडेल पाट्टी, म्हणजे आजी, सुई मी हळू घालते.

मला रडतारडताच हसू फुटलं, आणि त्या हसण्याने बरं वाटलं. सातवी दुसऱ्या दिवशी आपणच आली, जेवताना.

आणि जेवणात मीठ होतं. दवाखान्याचा दहीभात तो काय, पण पहिला घास तोंडात गेला आणि माझे डोळे वाहायला लागले. तेवढ्यात ह्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्या, तळलेल्या, खारट कडकडीत. मला वाटलं आजच आणल्या. हे म्हणाले, नाही, घरीच असतात, कालव्यांच्या जुन्या नकाशांच्या गुंडाळीत. मीठबंदीच्या पहिल्या दिवसापासून. मग हळूहळू सगळंच बाहेर आलं. प्रताप ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत होता. कयल डब्यात वरून मीठ घालून घेई, तिच्याही आणि यमुनेच्याही. म्हणजे माझ्या आज्ञेचं प्रामाणिकपणे पालन करणारं घरात एकच माणूस होतं, आणि ते खाटेवर होतं.

माफीची चैन

घरी आले ती राणीसारखी. सगळं माफ. जे बोलले ते मी बोलले नव्हते, सोडियम बोललं होतं. मी ही सवलत सुरुवातीला भरपूर वापरली. समोरच्या घरातल्या गायक मुलाला आजारपणाआधी मी जे टोचून बोलले होते, तेही सोडियमवर घातलं. ह्यांच्या बहिणीला मागच्या वर्षी पोंगलला बोलावलं नव्हतं, तेही.

कयलच्या आईपर्यंत ते वाक्य पोचलं होतं. त्यांनी फोन करणं बंद केलं, आणि कयलला निरोप पाठवला की पोरीला घेऊन काही दिवस इकडे ये. कयल फोनवर आईला समजावत होती, मी न्हाणीघरात उभी राहून ऐकत होते. रक्तात मीठ कमी झालं की मेंदू भलतं बोलतो, त्याला अर्थ नसतो, अत्तैंच्या मनात तसं काही नाही. असं अर्धा तास. इतकं चांगलं तर मीसुद्धा कधी शिकवलं नव्हतं. आईचं समाधान झालं, फोन परत सुरू झाले.

तिथे माझी चैन संपली.

कारण मी डॉक्टरांना शिंपी समजले, ते सोडियम. त्यांना मी त्याआधी कधीच शिंपी मानलं नव्हतं. ते बिघडलेल्या मेंदूने जागच्या जागी तयार केलं. पण 'पाहुणी' हा शब्द तयार केलेला नव्हता. तो मी प्रतापच्या लग्नाच्या वेळी मनात म्हटला होता. आमच्यातली मुलगी असती तर, असं म्हणून पुढे तो शब्द. पहिली काही वर्षं अधूनमधून म्हटला, पुढे कमी झाला, शेवटचा कधी म्हटला सांगता येणार नाही. तोंडाने एकदाही नाही. सोडियमने कडी काढली हे खरं, पण आत जे ठेवलेलं होतं ते मी ठेवलेलं होतं. बाहेरून बघणाऱ्याला शिंपी आणि पाहुणी सारखेच. कोणतं कुठून आलं हे फक्त मला माहीत.

कॉलेजात तिसऱ्या बाकावरून कयलने एकदा विचारलं होतं, मॅडम, सगळं मेंदूतल्या रसायनांनी होत असेल तर माणूस जबाबदार कशाला? मी म्हटलं होतं, तत्त्वज्ञान विभाग वरच्या मजल्यावर आहे. वर्ग हसला. मीही हसले. उत्तर येत नव्हतं म्हणून हसले, हे आत्ता लिहून टाकते.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, मी जिवंत होते ती याच गोष्टीवर. अत्तै असं बोलल्या म्हणजे त्या आजारी आहेत, असं मानणारी एकटी ती. मला वाटलं, हिला माझ्या मनाची खात्री होती. खात्री चुकीची होती आणि निदान बरोबर आलं. आता खरं सांगावं तर तिची ती खात्रीही जाणार. कदाचित ती आईकडे जाईल, यमुनेला घेऊन, आणि या वेळी समजावायला सोडियम नसेल. न सांगावं तर ती रोज सकाळी माझ्या गोळ्या हातावर ठेवणार, दर पंधरा दिवसांनी रक्त तपासायला नेणार, आणि मी खोट्या नावावर ते घेत राहणार.

घरात म्हातारं माणूस असेल त्यांना इथेच सांगते. मीठ, पाणी, गोळी, यांतलं काही आपल्या अकलेने बदलू नका. आणि कोणाचा स्वभाव आठ दिवसांत पालटला तर त्याला वय म्हणू नका, रक्त तपासा. ते माणूस मनाला लागेल असं काही बोललं असेल, तर आधी दवाखान्यात न्या. रुसायचं ते परत आल्यावर.

दुपार

महिनाभर मी दिवस ढकलले. मग एका शनिवारी दुपारी प्रताप आणि यमुना बाहेर गेले होते, हे आत घोरत होते. कयल मुलांच्या वह्या तपासत बसली होती. मी तिच्यासमोर बसले. बसले तेव्हाच ती म्हणाली, चक्कर येतेय का. मी म्हटलं, नाही, सोडियम ठीक आहे, परवाच तपासलंय, म्हणूनच आज बोलते.

सांगितलं सगळं. ते वाक्य आजाराने बनवलं नव्हतं, माझंच होतं, जुनं. तुझ्या लग्नाच्या वेळचं. मनात कितीदा म्हटलं, कधी कमी झालं, तेही. आता तसं वाटत नाही, असंही म्हणणार होते, पण ते ऐकायला माफी मागितल्यासारखं वाटेल म्हणून गिळलं. एवढंच म्हटलं, की तू डॉक्टरांना माझ्याबद्दल जे सांगितलंस त्यावर माझा जीव वाचला, आणि ते खरं नव्हतं. तुला आईकडे जायचं असेल तर मी प्रतापला स्वतः सांगेन.

कयलने हातातली वही पुरी तपासली, खाली सही केली, लाल पेनाला टोपण लावलं. मग आमच्या त्या जुन्या मराठीत, माझ्याकडे बघून, शांतपणे म्हणाली,

"अत्तै, ते मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे. पण डॉक्टरांना 'आमच्या सासूबाई मनातलं बोलल्या' एवढंच सांगितलं असतं, तर त्यांनी तुम्हाला ॲडमिट करून घेतलं असतं का?"